दुनळीचा खटका

बंदुकीचा इतिहास लिहायचा म्हटलं की लोक लढायांचा लिहितात. पानिपत लिहितात, सत्तावन्नचं बंड लिहितात. शेतातल्या बंदुकीबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. खरं तर आमच्या भागात बंदुकीनं माणूस मारल्यापेक्षा पीक राखलं जास्त. रात्र-रात्र माळ्यावर बसून, पहाटंच्या थंडीत एखादा बार हवेत काढून, आपल्या घरचं दाणं-भुसकट वाचवणाऱ्या माणसांच्या खांद्यावर ती असायची. अशीच एक दुनळी आमच्या घरात साठ वर्षांपासून आहे. अलीकडं तिच्या एका बोटभर खटक्यानं आमच्या घरात मोठा प्रश्न उभा केला. त्या निमित्तानं हे लिहितोय.

आधी आमच्या मुलखाचं सांगतो. आमचं गोरेगाव सेनगाव तालुक्यात, हिंगोली जिल्ह्याच्या वरच्या अंगाला. उत्तरेला पैनगंगा, पलीकडं वाशिम, म्हणजे वऱ्हाड. आज नदी ओलांडली तर नुसता जिल्हा बदलतो. आज्याच्या काळी राज्य बदलायचं. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि अलीकडं आम्ही निजामाचे. तिकडं इंग्रजी रुपया, इकडं हाली सिक्का. तिकडं मराठीत कागद, इकडं उर्दूत. हत्याराचा कायदाही तसाच वेगळा. इंग्रजांनी सत्तावन्नच्या बंडाची धास्ती घेऊन 1878 साली हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी घातली. तो कायदा लोकांना इतका टोचला की 1930 साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढं ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठाबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या हीपण एक मागणी होती. अहिंसा सांगणाऱ्या माणसानं ही मागणी केली, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. मग वाटलं, बरोबरच आहे. हत्यार हातात असून न मारणं ही अहिंसा. हातात काहीच नसणं ही लाचारी.

निजामाच्या राज्यात बंदूक वाड्यात असायची. देशमुखाच्या, पाटलाच्या, जहागीरदाराच्या. कुळाच्या हातात गोफण. माझा आजा सांगायचा, "आमच्या हाती गोफण अन् घशात आवाज, येवढंच हत्यार." ज्वारी हुरड्यात आली की पाखरांसाठी गोफण आणि डुकरांसाठी पत्र्याचा डबा. माळ्यावर जागल करायची. रात्री शेकोटी पेटवायची आणि दर घटकेला हाळी द्यायची. एका माळ्यावरची हाळी दुसऱ्यावर, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर. शिवारभर माणसं जागी असल्याची खूण.

मग सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा काळ आला. देश स्वतंत्र झाला, आम्ही नाही. रझाकार गावोगाव हिंडायला लागले. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर पोरं सरहद्दीवरच्या कॅम्पात गेली. आमच्या बाजूला उमरखेडचा कॅम्प मोठा. नदीपलीकडं वऱ्हाडात कॅम्प आणि अलीकडं कारवाया, असं चालायचं. 30 जानेवारी 1948 ला नांदेडकडं उमरीच्या बँकेवर कार्यकर्त्यांनी धाड घातली, ती लढ्याच्या खर्चासाठी. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. त्या वर्षी बंदूक हा शब्द आमच्याकडं फार जड झाला होता. कोणाकडं आहे, कोणी लपवली, कोणी कोणाला दिली, याच्यावर माणसाचा जीव टांगलेला. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामानं हार मानली. आजा म्हणायचा, त्या दिवसानंतर रात्री माळ्यावर झोपताना पहिल्यांदा डुकराचीच भीती वाटली, माणसाची वाटली नाही.

आमची दुनळी त्यानंतरची. म्हणजे बंदूक जुनी, आमच्या घरात आली ती 1963 ला. त्याच्या आदल्या वर्षी, 1 ऑक्टोबर 1962 पासून, नवा शस्त्र कायदा लागू झाला होता. कायदा 1959 चा, अंमल 62 पासून. ह्या कायद्यात शेतकऱ्याचा विचार होता. पीक राखायला ठासणीची बंदूक द्यावी, आणि तिनं भागत नसेल असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही द्यावी, असं त्यात लिहिलंय. ज्या कायद्याला आमचे लोक नुसतं भ्यायचे, त्यात पिकाचं नाव आहे हे आज्याला एका मास्तरांनी वाचून दाखवलं. शेजारच्या गावच्या एका वाड्यातले लोक शहरात राहायला निघाले होते. त्यांची दुनळी आज्यानं रीतसर घेतली. परभणीला चार चकरा झाल्या, कारण तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या परवान्याचा कागदही परभणीहून हिंगोलीला आला.

लोक बंदुकीवर विलायती म्हणून लिहिलेलं नाव शोधतात. आमच्या दुनळीवरचं नाव घासून गेलंय. पण नळ्या उलट्या करून पाहिल्या की खाली बारीक ठसे आहेत. मुकुट आणि त्याखाली इंग्रजी एन-पी. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावी 1813 पासून नळ्यांची परीक्षा घेणारं एक घर आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून पाहायची, फुटली नाही तर ठसा मारायचा, असा तिथला रिवाज. मुकुटाखाली एन-पी हा ठसा तिथं 1904 ते 1954 ह्या काळात मारत. बिनधुराच्या दारूला नळी टिकली, असा त्याचा अर्थ. आमची बंदूक त्या पन्नास वर्षांतली, हे ठसाच सांगतो. नाव पुसलं तरी परीक्षा दिल्याची खूण पुसली नाही.

ती बारा बोअरची. बारा बोअर म्हणजे काय, हे मी दहावी झाल्यावर समजून घेतलं. नळीच्या तोंडात बरोबर बसतील असे शिशाचे गोल गोळे केले तर एका रत्तलात बारा बसतात, म्हणून बारा. मिलिमीटरमध्ये साधारण साडेअठरा. काडतूस हा शब्द पोर्तुगिजांचा, बंदूक अरबांची, परवाना फारसी आणि पीक आपलं. एका बंदुकीत एवढी दुनिया. काडतुसं मात्र आमच्या महाराष्ट्रातली. पुण्याजवळ खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, तिथली 'शक्तिमान' काडतुसं आम्ही वापरत आलो.

आता खटक्याकडं येतो.

दुनळीचे तीन तुकडे होतात. मागचा दस्ता, त्याला जोडलेली पेटी आणि घोडे हा एक. नळ्या हा दुसरा. आणि नळ्यांखाली डाव्या हातानं धरायचं वीतभर लाकूड हा तिसरा. पाहणाऱ्याला वाटतं, हे लाकूड नुसतं धरायला आहे. तसं नाही. बंदूक मोडली, म्हणजे काडतूस भरायला मधून वाकवली, की नळ्या पेटीतल्या आडव्या खिळीवर फिरतात. त्या खिळीवरून नळ्या निसटू नयेत म्हणून पुढचं लाकूड त्यांना मागं दाबून धरतं. लाकडाच्या आत लोखंडी चौकट असते. तिचं मागचं गोल तोंड पेटीला टेकतं. पुढं नळ्यांच्या पोटाला एक पोलादी कान असतो, त्यात खटक्याचं टोक अडकतं. ज्या बंदुकीचे घोडे आत असतात, तिच्यात ह्या लाकडाचं आणखी एक काम. नळ्या खाली वाकल्या की ह्याच चौकटीतून आतल्या दांड्या दाबल्या जातात आणि घोडे चढतात. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली ह्या दोघांनी ही पद्धत 1875 साली काढली. आजही जगातल्या कितीतरी दुनळ्या तशाच चालतात. आमचीही तसलीच. म्हणजे लाकूड ढिलं झालं तर घोडा पुरता चढत नाही आणि ऐन वेळेला बार उडत नाही.

हे लाकूड अडकवायला आधी पाचर असायची. नळीच्या कानातून लाकडाच्या आरपार आडवी पोलादी पाचर. ठासणीच्या बंदुकांना तीच. कुऱ्हाडीला, वखराला पाचर मारतो तीच अक्कल. पुढं 1872 साली त्याच अ‍ॅन्सननं लाकडाच्या टोकाला बटण दिलं. बटण दाबलं की आतली सळई मागं सरकते आणि कानातून सुटते. सोडलं की स्प्रिंग तिला जागेवर आणते. दुसऱ्याच वर्षी डीली आणि एज ह्यांनी लाकडाच्या पोटाला बोटानं ओढायचा खटका काढला. आमच्या दुनळीला बटण आहे.

शंभराच्या आसपास वर्षं झालेल्या बंदुकीचं बटण ढिलं होणार नाही तर काय होईल? बार उडाला की धक्का बसतो. नळ्या मागं येतात, लाकूड पुढं राहायला बघतं. तो ओढा सगळा त्या सळईच्या टोकावर आणि कानाच्या खाचेवर. हरेक बाराला केसाएवढं घासतं. वडिलांच्या काळातच ते खडखडायला लागलं होतं. वडिलांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून नळीभोवती लाकडासकट आवळली आणि वीस वर्षं काढली. आमच्याकडं ट्यूबच्या पट्टीनं काय काय चाललंय ते सांगायची गरज नाही. मोटारीचा पाइप, पंपाचं हँडल, चपलेचा अंगठा.

दरम्यान शिवार बदलत गेलं. 1964 साली संकरित ज्वारी आली, सीएसएच-1. ठेंगणी, भरघोस कणसाची. 72 चा दुष्काळ मी अकरा वर्षांचा असताना पाहिला. त्याच 72 साली वन्यजीवांचा कायदा झाला. काळवीट पहिल्या यादीत गेलं. आमच्या वडिलांनी त्याच्यानंतर हरणाकडं बंदूक केली नाही. त्याआधी गावात शिकारी व्हायच्या, हे मी लपवत नाही. कायदा झाला नसता तर आज आमच्या माळावर एक हरीण दिसलं नसतं, हेही खरं. पण रोही आणि रानडुक्कर वाढत गेले. जंगल आखडलं, ज्वारी गेली, सोयाबीन आलं, हळद आली. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे शेंडे असे खुडून जातो की सकाळी वाटावं बायांनी भाजीला नेले. डुक्कर भुईमूग उकरतं, खातं थोडं आणि नासतं जास्त.

2015 मध्ये राज्य सरकारनं पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-डुकरांबाबत परवानगीची वाट सोपी केली. पण परवानगी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लागते. आपल्या मनानं चाप ओढला तर गुन्हा, आणि मारलेलं जनावर सरकारचं. माझं मत विचाराल तर हे बरोबर आहे. ज्याच्या हातात बंदूक आणि ज्याचं नुकसान, तोच न्यायाधीश झाला तर चूक व्हायची. मी स्वतः आजवर हवेतच बार काढले. कळप पळतो, दोन-तीन रात्री येत नाही. पण शेतात बंदूक आहे हे जनावराला कळतं आणि माणसालाही धीर असतो. जागल करणाऱ्याला धीर लागतो.

2024 ला लोकसभा आणि विधानसभा, अशा दोन निवडणुका एका वर्षात आल्या. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, पावती घ्यायची, निकालानंतर आणायच्या. जमा करताना हवालदारसाहेबांनी बंदूक उचलली तर लाकूड निखळून त्यांच्या पायाजवळ पडलं. वडिलांची ट्यूबची पट्टी वाळून तुटली होती. ते चांगले माणूस. म्हणाले, "काका, ही बंदूक तुम्ही उडवायची का तिनं तुम्हाला?" सगळे हसले, मीपण हसलो. पण घरी येऊन गप्प बसलो.

कारण प्रश्न लाकडाचा नव्हता. माझं वय सत्तरीकडं चाललंय. 2016 च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानेदार सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर ती वारसाच्या नावानं करायचा अर्ज देता येतो. माझी पंचवीस कधीच भरली. पोराच्या नावानं करायची का नाही, हा प्रश्न.

पोरगा म्हणाला, "बाबा, देऊन टाका सरकारला. झटका मशीन लावलंय की. सौर तारांना रोही शिवत नाही. परवान्याच्या चकरा, निवडणुकीच्या चकरा, कशाला हा ताप?"

त्याचं खोटं नाही. झटक्याच्या तारेनं आमचा हरभरा दोन वर्षं वाचलाय. सुनबाई मात्र वेगळं बोलली. ती म्हणाली, "घरात बारकी पोरं हायेत. बंदूक ठेवायची तर नीट ठेवा, नाहीतर ठेवूच नका. ही अर्धी मोडलेली ठेवणं सगळ्यात वाईट." मला तिचं पटलं. मोडकं हत्यार चांगल्या हत्यारापेक्षा धोक्याचं. म्हणून ठरवलं, आधी दुरुस्त करायची, मग ठेवायची का द्यायची ते बघू. मोडकी वस्तू दुसऱ्याच्या, मग तो सरकार का असेना, हवाली करू नये.

पूर्वी असलं काम गावचा लोहार करायचा, नाहीतर फिरस्ता शिकलगार. सैकल म्हणजे हत्याराला धार-पाणी देणं, त्यावरून शिकलगार. आता तसं चालत नाही. 1959 च्या कायद्याच्या पाचव्या कलमानं बंदूक बनवायला, विकायला जसा परवाना लागतो, तसाच दुरुस्तीलाही लागतो. लोहाराला दिली तर तोही गुन्हेगार आणि आपणही. म्हणून दूरच्या शहरात दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात गेलो. तिथला मिस्त्री माझ्यापेक्षा वयानं मोठा, चष्म्यावर आणखी एक भिंग लावणारा.

त्यानं आधी नळ्यांत पाहिलं, डोळ्यांनी आणि मग बोट फिरवून. ठसे वाचले. मग काडतुसाच्या घराची लांबी मोजली. म्हणाला, "जुन्या विलायती बंदुकीचं घर पासष्ट मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं सत्तरची. मोजल्याशिवाय मी कुणाची बंदूक हातात घेत नाही." आमचं घर सत्तरचं निघालं. मग लाकडाकडं आला. स्क्रू काढले, चौकट वेगळी केली. आत काळा चिकट थर. आमच्या घरात तीन पिढ्यांनी दर दसऱ्याला तेल घातलेलं. हिंगोलीचा दसरा मोठा, शस्त्रपूजा आमच्या घरीही होते. आणि पूजेला म्हणून जे तेल हाताला आलं ते बटणाच्या भोकात गेलं. तेल वाळून राळ झालं, स्प्रिंग त्यात अडकून बसली. सळई पुरती पुढं येतच नव्हती. लाकूड अक्रोडाचं, तेही तेल पिऊन मऊ पडलेलं.

साफ करून त्यानं सळईच्या टोकाला दिव्याची काजळी लावली, लाकूड बसवलं, काढलं. कानाच्या खाचेत काजळी फक्त एका कडेला उमटली होती. मिस्त्री म्हणाला, "बघा, टेकायला पाहिजे पूर्ण तोंड, टेकतंय नखाएवढं."

मी म्हटलं, कानालाच वेल्डिंगचा थेंब टाकून भरून काढा की. आमच्याकडं वखराच्या फासाला तसंच करतात. त्यानं मान हलवली. दोन नळ्यांच्या मधली पट्टी शिशा-कथलाच्या डागानं बसवलेली असते. नळीला जवळून आच लागली की डाग पातळ होतो आणि पट्टी सुटते. "कान नळीचा, नळी बंदुकीचा जीव. सळई बदलता येते, नळी नाही. जे बदलता येतं त्याच्यावर काम करायचं." त्यानं नवी सळई घडवली, टोक केसभर जाड ठेवलं. मग काजळी लावायची, बसवायची, काढायची, काळं लागलं तिथं कानशीचा एक हात मारायचा. हे मी मोजलं नाही, पण दुपारचा चहा दोनदा झाला. शेवटी काजळी पूर्ण तोंडावर सारखी उमटली. मग टोकाला कडक पाणी दिलं, नवी स्प्रिंग घातली. लाकूड उन्हात न ठेवता सावलीत सुकवून जवसाचा पातळ हात दिला. आम्ही एके काळी जवस पिकवायचो. आता ते बाटलीत विकत घ्यावं लागलं.

लाकूड बसवताना 'टक्' असा एकच आवाज झाला. हलवलं, हललं नाही. बंदूक मोडली, दोन्ही घोडे चढल्याचा आवाज आला. मिस्त्रीनं पावती दिली, रजिस्टरला सही घेतली.

आता बंदूक कपाटात कुलपात आहे, काडतुसं वेगळ्या पेटीत, दोन्हीच्या किल्ल्या दोघांकडं. सुनबाईची अट होती. गेल्या हिवाळ्यात थंडी वाढली, ढगांनी सौर पेटी दोन दिवस चार्ज झाली नाही आणि तार मुकी झाली. त्या रात्री पोरगा स्वतः म्हणाला, "चला बाबा, आज मी येतो." मध्यरात्री हरभऱ्याच्या वरच्या बांधाला खुरांचा आवाज आला. मी बंदूक मोडून भरली आणि हवेत एक बार काढला. पन्नास कदम लांब कळप उधळला. पोराला मी काही शिकवलं नाही. त्यानंच विचारलं, "रिकामी केली का?" मी नळ्या खाली करून दुसरं काडतूस काढून दाखवलं.

अर्ज अजून दिलेला नाही. फॉर्म आणून ठेवलाय, त्यावर त्यानं स्वतःचं नाव लिहिलंय, सही बाकी आहे. 1963 ला आज्यानं बंदूक घेतली, तेव्हा कुळाच्या पोराच्या हाती पहिल्यांदा कायद्यानं बंदूक आली होती. आता ज्याच्या हाती जाणार तो म्हणतो, जनावर मारायला नको, तार मुकी झाली तर आवाजापुरती असू द्या. मला त्यात वाईट वाटत नाही. परवान्यावर पीकसंरक्षण असंच लिहिलंय. इतक्या वर्षांत ह्या दुनळीनं त्या शब्दाबाहेरचं काम केलं नाही, आणि खटका नीट असेल तर पुढंही करायची गरज पडणार नाही.